ओंडक्यासाठी सोडलेली प्राध्यापकी : किम युनशिन यांचं प्रकरण

सोलमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा ब्युनॉस आयर्समध्ये आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. बरोबर बारा तासांचा फरक. सोलपासून पृथ्वीच्या पोटातून आरपार सळई घातली तर ती उरुग्वेच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात निघेल. म्हणजे घरापासून याहून फार लांब जाणं पृथ्वीवर शक्यच नाही. कोरियन शिल्पकार किम युनशिन अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्सला, गेल्या तेव्हा त्यांचं वय 48 होतं. मागे सोलमध्ये विद्यापीठातली नोकरी होती, नाव होतं, विद्यार्थी होते. जायचं होतं ते सुट्टीपुरतं, भाचरांच्या घरी. राहिल्या मात्र जवळजवळ चाळीस वर्षं.

कलेच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण नीट उलगडून बघावं असं मला फार वाटतं. 2024 च्या व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनानंतर जगभर त्यांच्याबद्दल भरपूर लिहून आलं आणि बहुतेक ठिकाणी मांडणी एकच होती : विस्मृतीत गेलेली शिल्पकार, नव्वदीच्या उंबरठ्यावर सापडली. ही मांडणी मला अपुरी वाटते. ज्या बाईने चार दशकं रोज लाकूड कापलं, शहरात स्वतःचं संग्रहालय उभं केलं, ती हरवली होती कुठे? खरा प्रश्न असा की परक्या देशात, परक्या भाषेत, बाजाराचा आधार नसताना शिल्पकाराचं काम इतकी वर्षं चालू कसं राहतं? कवीला वही पुरते. शिल्पकाराला टनभर लाकूड लागतं, ते हलवायला माणसं लागतात, आवाज आणि भुस्सा सहन करणारे शेजारी लागतात, आणि झालेलं काम ठेवायला छप्पर लागतं.

आधीचं आयुष्य

जन्म 1935 चा, वॉन्सानचा. पूर्व किनाऱ्यावरचं बंदर, आज उत्तर कोरियात. तेव्हा सगळा कोरिया जपानच्या ताब्यात होता. मोठा भाऊ स्वातंत्र्यलढ्यात गेलेला आणि आई त्याच्यासाठी प्रार्थना करणारी. पुढे देशाचे दोन तुकडे झाले, वॉन्सान पलीकडे राहिलं आणि युनशिन अलीकडे. 1953 च्या युद्धविरामानंतर ती सीमा सामान्य माणसासाठी बंदच झाली. म्हणजे अर्जेंटिनाला जाण्याच्या कितीतरी आधी त्या एकदा गाव गमावून बसल्या होत्या. हे लक्षात ठेवलं की 48 व्या वर्षी घेतलेला निर्णय तेवढा अचानक वाटत नाही.

1959 मध्ये सोलच्या होंगिक विद्यापीठातून त्यांनी शिल्पकलेचं शिक्षण पूर्ण केलं आणि 1964 मध्ये त्या पॅरिसला गेल्या. त्या वर्षी दक्षिण कोरियाचं दरडोई वार्षिक उत्पन्न जेमतेम शंभर-सव्वाशे डॉलर होतं. परदेशी जाणं ही चैन सोडाच, साधी परवानगी मिळवणंही कठीण होतं; पर्यटनासाठी परदेशप्रवास तिथे सर्वांना खुला झाला तो 1989 मध्ये. अशा काळात एकटी बाई पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिल्प आणि शिळाछापाचं तंत्र शिकायला जाते. त्या तिथे असतानाच विद्यार्थी-कामगारांच्या आंदोलनाचा 1968 चा मे महिना आला आणि त्याच शाळेच्या इमारतीत विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस आंदोलनाची पोस्टरं छापली.

1969 मध्ये त्या परतल्या, शिकवू लागल्या. 1973 च्या साओ पावलो बिएनालेत त्यांचं काम गेलं. 1974 मध्ये किम चुंगसुक, युन यंगजा अशा ज्येष्ठ शिल्पकार स्त्रियांसोबत त्यांनी कोरियन स्त्री शिल्पकारांची संघटना उभी करण्यात भाग घेतला. कोरियात तेव्हा शिल्पकला म्हणजे पुरुषांचं क्षेत्र. सार्वजनिक स्मारकांची मोठी कामं पुरुषांकडे जायची. बायकांनी एकमेकींना धरून राहायचं, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी. पुढे परदेशात तीच कामी आली.

याच काळातली त्यांची एक मालिका आहे, तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘नवसाची रास’ असा. कोरियात डोंगरवाटांवर, देवळांपाशी येणारे-जाणारे एकावर एक दगड रचतात, प्रत्येक दगडामागे एक मागणं. युनशिन यांनी तीच रचना लाकडात आणली. तिथल्या पारंपरिक घरांत तुळई आणि खांब खिळ्याशिवाय, खाचेत खाच बसवून उभे राहतात. तसेच हे ठोकळे एकमेकांत गुंतून वर चढत जातात. आईच्या प्रार्थनेचा धागा मला इथे स्पष्ट दिसतो.

लाकडाने अडवलं

1983 च्या अखेरीस त्या ब्युनॉस आयर्सला पोचल्या. त्याच डिसेंबरात, 10 तारखेला, राऊल आल्फोन्सिन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि सात वर्षांची लष्करी राजवट संपली. माल्व्हिनासचं, म्हणजे फॉकलंड बेटांचं, युद्ध ब्रिटनकडून हरून दीड वर्ष झालं होतं. शहर श्वास मोकळा करत होतं. युनशिन मात्र सोलमधली लष्करी राजवट मागे ठेवून आल्या होत्या.

पण त्यांना थांबवलं ते राजकारणाने नाही, झाडांनी. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडे चाको नावाचा कोरड्या जंगलाचा प्रचंड पट्टा आहे. तिथलं केब्राचो हे झाड ‘कुऱ्हाड मोडणारं’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखलं जातं. लाल केब्राचोचं लाकूड पाण्यात टाकलं तर सरळ तळाला जातं. तिथल्या रेल्वेचे स्लीपर त्याचे, कातडी कमावण्याचं टॅनिन त्याचं. दुसरं पालो सांतो : हिरवट गाभा, राळेने भरलेला, कापताना धुपासारखा वास येणारा. हेही पाण्यात बुडतं. आणि तिसरं आल्गारोबो, जे आपल्याला अगदीच परकं नाही. दसऱ्याच्या पूजेतली शमी आणि माळावर माजलेली वेडी बाभूळ त्याच गोतावळ्यातल्या.

आमच्या घराशेजारी सुतारकाका राहायचे. बाभळीचा जुना ओंडका आला की ते आधी पटाशीची धार पाहायचे आणि मग कितीतरी वेळ नुसते ओंडक्याकडे बघत बसायचे. लहानपणी मला वाटायचं, काका कंटाळा करतायत. कडक लाकूड आधी वाचावं लागतं, त्याची रेघ कुठून कुठे वळली आहे, गाठ किती खोल आहे, हे कळल्याशिवाय हात लावला तर हत्यार तुटतं किंवा ओंडका फाटतो, हे फार उशिरा कळलं. युनशिन कागदावर आराखडा काढत नाहीत. दिवसेंदिवस ओंडक्यासोबत राहतात, त्याला न्याहाळतात, आणि मग एकदा यंत्र हातात घेतलं की थांबत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला काकाच आठवले.

यंत्र म्हणजे चेनसॉ, साखळीची यांत्रिक करवत. कोरियातलं पाइनसारखं लाकूड छिन्नी-हातोड्याला दाद देतं. केब्राचोपुढे ते चालेना. पन्नाशीला टेकलेल्या, बेताच्या उंचीच्या या बाईंनी लाकूडतोड्यांचं यंत्र शिकून घेतलं आणि त्यांची भाषाच बदलली. छिन्नी कुरतडते, हळूहळू आकाराकडे नेते. चेनसॉचा एक घाव म्हणजे एक निर्णय, तो मागे घेता येत नाही.

एखादं शिल्प जवळून बघा. ओंडक्याची साल बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवलेली असते, खडबडीत, काळपट, भेगाळलेली. तिच्यात सरळ कडांच्या खोल खाचा. खाचेच्या आत आधी सालीखालचा फिकट थर दिसतो, आणि त्याच्या आत गाभ्याचा लालसर, गडद रंग. एकाच झाडाचे हे तीन रंग एका काटात उघडे पडतात. वरचा भाग खालच्यावर ठेवल्यासारखा दिसतो, पण तो ठेवलेला नसतो. सगळा एकच ओंडका, मधून पोखरलेला. 1970 च्या दशकातली रास इथे उलटी झाली आहे. तिथे अनेक तुकड्यांचं मिळून एक व्हायचं, इथे एकातून अनेक बाहेर येतात.

या कामांना त्यांनी दिलेलं शीर्षक 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आजतागायत एकच आहे. चार-चार चिनी अक्षरांच्या दोन जोड्या, अर्थ असा : दोन मिळून एक होतात, एकाचे दोन होतात, आणि ते प्रत्येक पुन्हा एक. मागे यिन-यांगचा, म्हणजे विरुद्ध पण एकमेकांना पूरक अशा दोन शक्तींचा, विचार आहे. पदार्थ आणि माणूस भेटतात, कामात एक होतात. काम पूर्ण झालं की दोघं वेगळे होतात, पण आधीचे राहत नाहीत. शेकडो शिल्पांना एकच नाव देणं हा हट्ट आहे, आणि मला तो आवडतो. वारकरी रोज तोच अभंग म्हणतो, त्यात त्याला पुनरुक्ती वाटत नाही.

माणसं

आता या प्रकरणाचा गाभा. लाकूड आवडलं म्हणून कुणी देश बदलू शकत नाही. पाय टेकायला जागा लागते. युनशिन यांना ती तीन प्रकारच्या माणसांकडून मिळाली.

पहिली घरची. भाचरांच्या कुटुंबाने त्यांना ठेवून घेतलं. अर्जेंटिनात कोरियन वस्तीची सुरुवात 1965 ची, शेतीसाठी म्हणून आलेल्या कुटुंबांची. 1980 च्या दशकापर्यंत बहुतेक जण शहरात शिवणकाम आणि तयार कपड्यांच्या धंद्यात स्थिरावले होते. कुटुंबंच्या कुटुंबं रात्री उशिरापर्यंत शिलाई यंत्रावर. त्या समाजात एक शिल्पकार बाई म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलंच असेल असं नाही, पण आपलं माणूस म्हणून तिला सामावून घेणारी वस्ती होती.

दुसरी ओळख पूर्णपणे परक्यांची. युनशिन शहराच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या तेव्हाच्या संचालकांना जाऊन भेटल्या, प्रदर्शन करायची इच्छा सांगितली. ओळखपाळख नाही, स्पॅनिश नाही, आणि इथे केलेलं एकही काम नाही. काम बघितल्याशिवाय काही ठरणार नव्हतं. मग त्या उघड्यावर कामाला लागल्या, मिळाले ते ओंडके घेऊन. संचालक येऊन बघून गेले आणि त्यातून 1984 मध्ये शहराच्या वनस्पती उद्यानात त्यांचं प्रदर्शन झालं. पालेर्मो भागातलं हे उद्यान 1898 चं, साधारण सात हेक्टरांचं, देशोदेशीच्या झाडांचं. कापलेल्या झाडांची शिल्पं जिवंत झाडांच्या सावलीत उभी राहिली. दालनात जाणारे ठरावीक लोक असतात. बागेत सगळे येतात, आजी-आजोबा, शाळेची पोरं, दुपारचे डबे खाणारे कामगार. परक्या देशातली पहिली ओळख अशी बागेत व्हावी, यासारखं भाग्य नाही. मनात आणलं असतं तर त्या माणसाला या बाईला दोन गोड शब्दांत वाटेला लावता आलं असतं. तो उठून बघायला गेला, एवढ्याने पुढची चाळीस वर्षं घडली.

या प्रदर्शनानंतर त्यांनी सोलमधली नोकरी सोडली. या टप्प्यावर मी नेहमी थांबते. कोरियात प्राध्यापकाला जो मान आहे तो आपल्याकडच्या जुन्या गुरुजींना होता त्याहून कमी नाही. तो, ठरलेला पगार, पुढची पेन्शन, हे सगळं सोडायचं आणि बदल्यात मिळवायचं काय, तर कडक लाकूड. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट म्हणता येते आणि ती मला पुरेशी वाटते : शिकवताना शिल्पाला उरलेला वेळ मिळायचा, इथे सगळा दिवस मिळणार होता.

तिसरं माणूस म्हणजे किम रान. मूळच्या त्यांच्या विद्यार्थिनी, स्वतःही कलावंत. त्या अर्जेंटिनात आल्या आणि युनशिन यांच्यासोबतच राहिल्या. 2008 मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये युनशिन यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं, त्याच्या संचालकपदाची धुरा त्यांनी सांभाळली. या नात्याला काय नाव द्यायचं? गुरू-शिष्य म्हणावं तर चाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर ते नाव तोकडं पडतं. कामाची व्यवस्था, नोंदी, प्रदर्शनं, रोजचं जेवणखाण, आजारपण, परकी भाषा, हे सगळं एकटीने ओढायचं असतं तर इतकं लाकूड कापून झालं नसतं. कलेच्या इतिहासात पुरुष कलावंतांच्या बायकांनी हा भार वाहिलेला आपण जागोजागी वाचतो, बहुतेक वेळा तळटिपेत. इथे एका बाईसाठी दुसऱ्या बाईने, मैत्रीतून, तो वाहिला. त्याची जागा तळटिपेत नसावी, म्हणून इथे मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे.

दगडाच्या वाटेने

1988 ते 1991 या काळात त्या मेक्सिकोत ऑनिक्सवर काम करत होत्या. पुएब्ला राज्यातलं तेकाली हे गाव या दगडासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. व्यवहारात त्याला ऑनिक्स म्हणतात, पण प्रत्यक्षात तो पट्ट्यापट्ट्यांचा कॅल्साइट. पातळ चकती काढली तर प्रकाश आरपार जातो, इतका की जुन्या चर्चच्या खिडक्यांना तो काचेसारखा बसवत. युनशिन यांनी त्याला लाकडासारखंच वागवलं : बाहेरचं खडबडीत कवच काही ठिकाणी तसंच, आणि कापलेल्या बाजूला चकाकी देऊन आतला मधासारखा रंग उघडा. पुढे 2001-2002 मध्ये ब्राझीलमध्ये त्यांनी अर्धमौल्यवान दगडांवर काम केलं.

या वर्षांत अर्जेंटिनात काय चाललं होतं तेही बघायला हवं. 1989 मध्ये वर्षभरात तीन हजार टक्क्यांहून जास्त भाववाढ. 2001 च्या डिसेंबरात बँकांनी लोकांचे पैसे अडकवून ठेवले, रस्त्यावर भांडी वाजवत लोक उतरले, आणि महिनाभरात चलन कोसळलं. त्या काळात कोरियन कुटुंबंही मोठ्या संख्येने देश सोडून गेली. युनशिन राहिल्या, आणि त्यानंतर सहा-सात वर्षांनी संग्रहालय उघडलं. शहाण्या माणसाच्या हिशोबात हे बसत नाही. पण शिल्पकाराचं घर हलवणं म्हणजे चार पेट्या उचलणं नव्हे; काही टन लाकूड आणि दगड जिथे उभा आहे तिथे त्याच्यासोबत राहावं लागतं.

करोनाच्या काळात नवं लाकूड आणणं थांबलं तेव्हा त्यांनी कार्यशाळेतले उरलेले तुकडे, फळ्या, काटछाट गोळा केली, जोडली आणि रंगवली. लाल, पिवळा, निळा, हिरवा, गर्द आणि भूमितीच्या आकारांतले. चित्र आणि शिल्प यांच्या मधलं हे काम. पंच्याऐंशी वर्षांची बाई, घरात कोंडलेली, आणि हातात उरलेल्या चिपट्यांतून अगदी नवीन प्रकार सुरू करते. गेल्या काही वर्षांतलं त्यांचं हेच काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. मोठ्या ओंडक्यांमध्ये ताकद आहे, या तुकड्यांमध्ये खेळ आहे.

परतीची वाट

2018 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या कोरियन सांस्कृतिक केंद्रात त्यांच्या कामासाठी कायमचं दालन झालं. मायदेशातला मोठा सन्मान मात्र 2023 मध्ये आला. सोल कला संग्रहालयाच्या दक्षिण सोल शाखेत फेब्रुवारी ते मे त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. ही वास्तू 1905 ची, मूळचा बेल्जियमचा वाणिज्य दूतावास. नंतर तिचा दगडन् दगड, वीटन् वीट सोडवून शहराच्या दक्षिण भागात पुन्हा उभी केलेली. स्वतः जागा बदललेल्या त्या इमारतीत चाको जंगलातले ओंडके उभे राहिले. ज्या तरुण प्रेक्षकांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, ते आले.

2024 च्या जानेवारीत सोलचं एक आणि न्यूयॉर्कचं एक अशा दोन मोठ्या दालनांनी त्यांचं प्रतिनिधित्व, म्हणजे काम दाखवण्याची-विकण्याची जबाबदारी, स्वीकारलं. तोवर त्यांना व्यावसायिक दालनाचा असा आधार कधीच नव्हता, वय 88. त्याच एप्रिलमध्ये आद्रियानो पेद्रोसा यांनी मांडलेल्या व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात त्यांची लाकडाची आणि ऑनिक्सची मिळून आठ शिल्पं होती. प्रदर्शनाचं सूत्र होतं ‘परके सर्वत्र’. त्याच प्रदर्शनाच्या व्यक्तिचित्रांच्या दालनात नागपूरजवळच्या बेला गावच्या चित्रकार बी. प्रभा होत्या, गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सोझा होते, अमृता शेरगिल होत्या. प्रभांचे पती बी. विठ्ठल शिल्पकारच. आपल्याकडून किती जणांनी हे टिपलं कोण जाणे. मला मात्र ती यादी वाचताना खूप बरं वाटलं : वॉन्सानची एक बाई आणि बेल्याची एक बाई, एका छपराखाली.

त्या आता कोरियात राहायला आल्या आहेत, आणि यंत्र अजून हातात आहे. चाळीस वर्षांच्या कामातलं बरंच काही ब्युनॉस आयर्समध्येच आहे. केब्राचो आणि पालो सांतो दोन्ही ठिकाणी एकसारखे वागत नाहीत. सोलच्या कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसतं, ब्युनॉस आयर्सच्या, ला प्लाता नदीकाठच्या दमट हवेत फुगतं, आणि ठेवलेल्या सालीला दोन्हीकडे वेगवेगळ्या भेगा पडत राहतात.